उभं अंतर

लातूर ते औसा हे अंतर वीस किलोमीटर. एसटीत बसून पेपर चाळून होईपर्यंत औसा येतं. हेच वीस किलोमीटर आडवे न जाता सरळ डोक्यावर गेलो तर? पाच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लातूरची शेवटची घरं मागं पडतात न पडतात तोच, पाणी गोठायला लागेल. समुद्रसपाटीपासून साडेपाच किलोमीटर झाले की पृथ्वीवरची निम्मी हवा पायाखाली गेलेली असेल. अकरा किलोमीटरवर, जिथं मोठी विमानं उडतात, तिथं पारा उणे चाळिसाच्या आसपास. सतरावर उणे ऐंशी. आणि औशाच्या वेशीपाशी पोचू तेव्हा हवेचा दाब इतका उतरलेला असेल की उघड्यावरचं पाणी नुसत्या अंगाच्या उबेनं उकळायला लागेल.

हा हिशोब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी बराच वेळ तो कागद बघत बसलो होतो. मराठवाड्यात आपण अंतरं आडवीच मोजतो. मोसमी पाऊस केरळात कधी पोचला, नाशिकला किती पडला, जायकवाडीत किती टक्के साठा झाला. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, साडेतीनशे किलोमीटरवरून. त्या वाघिणी रिकाम्या होताना बघायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो आणि सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, केवढ्या लांबून आलं बघा पाणी. पण आपल्या शिवारात पडणारं किंवा न पडणारं पाणी जिथं ठरतं ती जागा तितकी लांब नाही. ती डोक्यावर पाच-सात किलोमीटरवर आहे. तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो, याची मला खंत वाटते.

उंचीचा विषय डोंगराळ मुलखाचा, आपला प्रदेश सपाट, असं आपण धरून चाललेलो असतो. खरं तर हवेच्या वजनाशी इथल्या शेतकऱ्याची गाठ रोज पडते, आणि तीही विहिरीत.

आमची विहीर दहा परसाची. काकांकडं पाच एचपीचं डिझेल इंजिन होतं. पावसाळा संपता संपता ते काठावर बसलेलं असायचं, संक्रांतीपर्यंत पाणी खाली जायचं आणि मग एक दिवस काका म्हणायचे, "पानी उचलंना झालंय. इंजान खाली घ्यावं लागतंय." मग भावकीतली माणसं बोलवायची, दोर लावायचे आणि विहिरीच्या भिंतीत खोदून केलेल्या टप्प्यावर ते धूड उतरवायचं. शिमग्यापर्यंत आणखी एक टप्पा खाली. इंजिन आत चालू झालं की विहिरीत धूर कोंडायचा आणि वर बसलेल्या आजीचा जीव खालीवर व्हायचा. मी काकांना विचारलं होतं, इंजिन तेच, पाइप तोच, मग वरून का ओढत नाही? "पंचवीस फुटाच्या खालनं न्हाई ओढत बाबा ते. कुणाचंबी न्हाई ओढत." त्यांनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पण आकडा बरोबर होता.

पंप पाणी ओढतच नाही. पंप पाइपमधली हवा काढून टाकतो, एवढंच. मग विहिरीतल्या पाण्यावर वरून रेलून बसलेली सगळी हवा त्या पाण्याला पाइपात वर ढकलते. ढकलणारं जे काही आहे ते म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन, आणि त्या वजनाला मर्यादा आहे. समुद्रकाठी ते पाण्याला १०.३ मीटर, म्हणजे चौतीस फूट वर नेऊ शकतं. लातूरची उंची सहाशे मीटरहून थोडी जास्त. म्हणजे समुद्रापासून इथवरची सहाशे मीटर जाडीची हवा आपल्या खाली राहिली, तिचं वजन आपल्या विहिरीवर पडत नाही. त्यामुळं इथं हीच मर्यादा साडेनऊ मीटरच्या जवळ येते. त्यातून पाइपातलं घर्षण, फूटव्हॉलची गळती, सांध्यांतून शिरणारी हवा वजा करा. काकांचे पंचवीस फूट उरतात. लेहला हेच इंजिन नेलं तर तिथं हवेचा दाब आपल्या समुद्रकाठच्या दाबाच्या ६५ टक्के, म्हणून आदर्श पंपसुद्धा पावणेसात मीटरवर हात टेकेल.

फ्लॉरेन्समधल्या पंपवाल्यांनाही सतराव्या शतकात हेच कोडं पडलं होतं. त्यांचा पंप एका ठरावीक उंचीच्या वर पाणी घ्यायचा नाही. त्यातूनच टॉरिचेल्लीनं १६४४च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेतला, एका बाजूनं बंद असलेली काचेची नळी पाऱ्यात उलटी धरली, आणि पारा ७६ सेंटिमीटरवर येऊन थांबला. जगातला पहिला वायुदाबमापक असा एका अडलेल्या पंपाच्या पोटी जन्माला आला. हे वाचल्यापासून मला काकांची विहीर आणि टॉरिचेल्लीची नळी वेगळ्या वाटत नाहीत. आता सगळीकडं पाणबुडी मोटारी आल्या. त्या तळाशी बसून पाणी खालून रेटतात, हवेच्या भरवशावर नसतात, म्हणून सातशे फुटांच्या बोअरमधूनही पाणी येतं. मोटेला तरी हवेची गरज कुठं होती? तिथं बैलांची ताकद होती. मधल्या इंजिनाच्या काळापुरतीच मराठवाड्याची शेती वातावरणाच्या वजनावर चालली.

हवेला वजन आहे हे मुलांना पटवून द्यायला मी एक हिशोब सांगतो. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंच. आपल्याकडच्या उंचीवर आणि साध्या दिवसाच्या तापमानाला त्या खोलीतली हवा सदतीस किलोच्या आसपास भरते. घरातली म्हातारी माणसं हे ऐकून लगेच म्हणतात, म्हणजे मणभर. बरोबर मणभर. रिकाम्या खोलीत एक मण!

टॉरिचेल्लीनंतर चार वर्षांनी, १९ सप्टेंबर १६४८ रोजी, फ्रान्समध्ये पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम नावाच्या डोंगरावर चढला. माथ्यावर पारा साडेआठ सेंटिमीटरच्या जवळपास खाली आला होता. मला या प्रयोगातली सगळ्यात आवडती गोष्ट डोंगरावरची नाही, पायथ्याची आहे. पेरिएनं दुसरी एक नळी खाली मठात ठेवली आणि एका पाद्र्याला दिवसभर तिच्याजवळ बसवलं. हवामान बदलून पारा हलला असा संशय कुणी घेऊ नये म्हणून. दिवसभरात खालचा पारा हलला नाही. इतका प्रामाणिक प्रयोग क्वचित वाचायला मिळतो.

आता बऱ्याच फोनमध्ये वायुदाबमापक असतो. मी तो घेऊन देवगिरीच्या किल्ल्यावर गेलो होतो. महाकोटातून चाँदमिनारापर्यंत आकडा जवळजवळ हलत नाही. खंदकावरचा पूल ओलांडून अंधारीच्या पायऱ्या सुरू झाल्या की मग तो उतरायला लागतो. हवेचा दाब हेक्टापास्कलमध्ये मोजतात. समुद्रसपाटीला सरासरी १०१३, आणि आपल्या उंचीवर साधारण नऊ मीटर चढलं की एक कमी. बारादरीत दम खात थांबलो, मग माथ्यावरच्या तोफेपाशी गेलो, तोवर वीसच्या आसपास कमी झाला होता. ज्या डोंगरानं यादवांपासून मोगलांपर्यंत सगळ्यांना धाप लावली त्याची उंची हातातल्या काचेवर अशी मोजता येते, याचा मला फार आनंद झाला. शेजारी एक सहल आली होती, त्यांच्या सरांनाही मी आकडे दाखवले. त्यांनी पोरांना रांगेत उभं करून एकेकाला फोन बघायला दिला.

वर जाताना दाब सारख्या पावलांनी कमी होत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. खालची हवा वरच्या हवेच्या भारानं दाबलेली असते, म्हणून दाट असते. त्यामुळं खाली नऊ मीटरला जेवढा फरक पडतो तेवढा फरक पडायला लेहला तेरा मीटर चढावं लागतं, आणि एव्हरेस्टच्या माथ्याजवळ वीस-बावीस मीटर. म्हणूनच वातावरणाला वरून नेमकी कडा नाही. ते विरत विरत जातं.

माझा मावसभाऊ लष्करात आहे, लडाखमध्ये होता. लातूरच्या बाजारातली तूरडाळ देशभर जाते, तशी ती त्यांच्या लंगरातही होती. एकदा फोनवर तो कळवळून म्हणाला, "दाळच शिजंना बग हितं. पानी उकळतंय खळाखळा, पन दाळ तशीच." दाब कमी, म्हणून पाणी ८८ अंशांनाच उकळतं, आणि कितीही जाळ घाला, उघड्या भांड्यात त्याच्या वर तापत नाही. खळखळ दिसते, उष्णता नसते. कुकरला पर्याय नाही. आपल्याकडंही पाणी शंभराला उकळत नाही. लातूर-धाराशिवात ते ९८च्या जवळ उकळतं.

मे महिन्यातल्या हवेविषयी मी एक आकडेमोड केली होती. हवेची घनता नुसत्या उंचीवर ठरत नाही, तापमानावरही ठरते. शास्त्रज्ञांनी तुलनेसाठी एक प्रमाण वातावरण ठरवलेलं आहे: समुद्रसपाटीला १५ अंश, आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी उतरत जाणारं. तिथं एका घनमीटरात १.२२५ किलो हवा असते. लातूरला मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश असताना ती १.०४ किलोवर येते. प्रमाण वातावरणात एवढी विरळ हवा साडेसोळाशे मीटरवर भेटते. कळसूबाईच्या शिखराची उंची १६४६ मीटर! म्हणजे घनतेपुरतं बोलायचं तर आपण भर उन्हाळ्यात पारावर बसल्या बसल्या महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर असतो. विमानाच्या पंखांना हे लगेच जाणवतं. विरळ हवेत पंख कमी उचल देतात, त्यामुळं अशा दुपारी धावपट्टीवर जास्त लांब पळावं लागतं किंवा वजन कमी करावं लागतं.

तापमानाकडं वळतो, कारण पाऊस तिथं अडलेला आहे.

वर गेल्यावर सूर्य जवळ येतो, मग गार का? शाळकरी मुलं हमखास विचारतात आणि प्रश्न अगदी योग्य आहे. हवा उन्हानं थेट फारशी तापत नाही. ऊन जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला. चूल खाली आहे. तापलेली हवा वर निघाली की भोवतालचा दाब कमी होत जातो, ती फुगते, आणि फुगायला जी शक्ती लागते ती स्वतःच्या उष्णतेतून खर्च करते. कोरडी हवा अशी दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी गार होते. पुरेशी गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं आणि ढग दिसायला लागतो. मृगाच्या दुपारी आपल्या शिवारावर ढगांचे पुंजके येतात तेव्हा त्यांचे माथे वेडेवाकडे असतात, पण तळ सगळ्यांचे एका पातळीत कापल्यासारखे सपाट. ती पातळी म्हणजेच हवा जिथं पुरेशी गार झाली ती उंची. बाष्प निवळताना मात्र उष्णता सोडतं, त्यामुळं ढगात शिरल्यावर हवा निम्म्याच वेगानं गार होते.

हा एवढा फरक मराठवाड्याच्या नशिबी आला आहे. ढोबळ हिशोब असा: कोकणात २८ अंशांची दमट हवा सह्याद्रीवर चढते. पाचशे मीटरवर ढग लागले तर तिथवर पाच अंश उतरले. पुढं बाराशे मीटरच्या माथ्यापर्यंत, पाऊस पाडत पाडत, आणखी तीनच अंश. माथ्यावर वीस. आता ती पलीकडं उतरते. पाणी तिकडंच सोडून आलेली असल्यानं उतरताना ती कोरड्या हिशोबानं तापते, दर किलोमीटरला दहा अंशांनी. सहाशे मीटरवर येईपर्यंत २६. घाट आडवा नसता तर याच उंचीवर ती साडेबावीसच्या आसपास राहिली असती आणि ढगांनी भरलेली असती. सहाशे मीटरपासून माथ्यापर्यंत चढताना जे तापमान गेलं त्याहून जास्त तेवढंच उतरताना परत मिळालं, पण पाणी गेलं ते गेलंच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि आपल्याकडं पावसाळ्यात सातशेच्या आसपास. आष्टी-पाटोद्याकडं त्याहूनही कमी. ढग दिसतात, पुढं सरकतात, पडत नाहीत. २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून विमानं उडवून ढगांत रसायनांचे कण सोडण्याचे प्रयोग सरकारनं केले ते याच उभ्या अंतरात. ढगाचा माथा गोठणबिंदूच्या किती वर गेला आहे यावर तिथं कुठलं बीज चालेल ते ठरतं. जिथं ढगच पुरेसा उंच वाढत नाही तिथं विमान काही करू शकत नाही, एवढं आपण समजून घ्यायला हवं होतं. त्या दिवसांत विमानाच्या आवाजाकडं बघणारे चेहरे मी पाहिले आहेत.

आणि कधी कधी हे वरचं जग खाली येतं. २०१४च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत बीड, लातूर, धाराशिव, नांदेडसह सगळ्या मराठवाड्यात जी गारपीट झाली ती ज्यांनी बघितली ते विसरणार नाहीत. रब्बीची ज्वारी काढायला आलेली, गव्हाच्या ओंब्या भरलेल्या, द्राक्षं घडाला लागलेली. सकाळी शेत होतं, संध्याकाळी पांढरा खच आणि काड्या. चिमण्या, बगळे, शेळ्या मरून पडल्या. लोक म्हणत होते, उन्हाळ्याच्या तोंडाला बर्फ आलाच कुठून? बर्फ नेहमीच तिथं असतो. चार ते साडेपाच किलोमीटरच्या दरम्यान कुठंतरी शून्य अंश बाराही महिने असतातच. त्या दिवसांत वर उत्तरेकडची आणखी थंड हवा आली, खाली समुद्राकडून बाष्प आलं आणि जमीन तापलेली होती. खाली ऊन, वर गार, हा फरक जेवढा ताणला जातो तेवढी हवा जोरानं वर उसळते. तो झोत पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या वर नेतो, तिथं झेलून धरतो, थरावर थर चढतात, आणि झोताला पेलेनाशी झाली की गार सुटते. पाच मैलांच्या आतलं दुसरं हवामान काही मिनिटांत आपल्या बांधावर. पंचनाम्याच्या कागदावर नैसर्गिक आपत्ती एवढंच लिहिलं जातं.

वर गार, खाली ऊन हा नियम हिवाळ्यात आपल्याकडंच मोडतो, आणि तो परभणीत मोडतो. परभणी धाराशिव-लातूरपेक्षा दोनशे मीटरहून अधिक खाली, गोदावरीच्या खोऱ्यात. नियमानं ती जास्त उबदार हवी. पण डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत किमान तापमान ५ अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या येतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आभाळाला देऊन टाकते, जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारानं खोलगटात साचते. वरचा थर उबदार, खालचा गार, म्हणजे नियम उलटा. अशा पहाटे गोदाकाठानं प्रवास करा. विटभट्टीचा धूर थोडा वर जातो आणि आडवा पसरतो, वर सरकतच नाही. दूरच्या गावातली काकडआरती शेजारच्या देवळातल्यासारखी स्वच्छ ऐकू येते, कारण वरच्या उबदार थरातून आवाज वाकून पुन्हा खाली येतो. पहाटे हरभऱ्याला पाणी द्यायला जाणारी माणसं सांगतात की बांधावर उभं राहिलं तर तेवढं गार लागत नाही जेवढं सरीत उतरल्यावर लागतं. हात-दोन हातांच्या उंचीत तापमान बदलतं, ते त्यांच्या पायांना कळतं.

उंच गेल्यावर आणखी एकदा नियम उलटतो. फ्रान्समध्ये तेसराँ द बॉर यानं शेकडो बलून सोडून पाहिलं की अकरा किलोमीटरच्या वर तापमान उतरायचं थांबतं. त्याला ते पटेना. उपकरण उन्हानं तापत असेल म्हणून त्यानं बलून रात्री सोडले. तरी तेच. १९०२ मध्ये त्यानं जाहीर केलं. आपल्याकडं हा टप्पा सतरा किलोमीटरच्या आसपास लागतो, आणि त्याच्या वर ओझोन उन्हातले अतिनील किरण शोषून हवेला तापवतो.

त्या थराशी मराठवाड्याचा अगदी प्रत्यक्ष संबंध आहे. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. तिथून पॉलिथिनचे प्रचंड फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर उपकरणं नेतात. तीस किलोमीटरवर समुद्रसपाटीच्या शंभराव्या हिश्श्याएवढाच दाब उरतो, म्हणून जमिनीवर जवळजवळ रिकामा दिसणारा फुगा तिथं पूर्ण फुलतो. काम झालं की उपकरणं पॅराशूटनं उतरतात, आणि वारा असेल तसा कधी लातूर, नांदेडच्या शिवारातही. २००५ साली अशाच एका उड्डाणात २० ते ४१ किलोमीटरवरची हवा गोळा करून आणली गेली. जयंत नारळीकर त्या प्रयोगाचे प्रमुख होते. तिच्यात जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती सापडल्या, त्यातल्या तीन जिवाणूंच्या जाती जगाला नव्या होत्या. एकाचं नाव आर्यभटावरून ठेवलं आहे.

कुणाच्या तुरीत असं यंत्र उतरलं की गर्दी जमते, बॉम्ब असेल म्हणून बातमी पसरते, पोलीस येतात, यंत्र जातं. संस्थेची सूचना योग्यच आहे, हात लावू नये, पोलिसांना कळवावं. पण मला वाटतं, ते घेऊन जायच्या आधी गावातल्या शाळेच्या मुलांना लांबून तरी दाखवावं आणि हे कुठून आलं ते कुणीतरी सांगावं.

त्याची वाट बघायचीही गरज नाही. बालाघाटाच्या अंगानं कितीतरी जिल्हा परिषद शाळा अशा आहेत की एक घाटाखाली, एक घाटावर. मांजरसुंब्याचा घाट घ्या. दोन सर, दोन फोन, ठरलेली एकच वेळ. आधी दोन्ही फोन एका टेबलावर ठेवून त्यांच्यातला फरक लिहून घ्यायचा, कारण उपकरणं थोडी वेगळी बोलतात. मग एकानं खाली थांबायचं, एकानं मुलं घेऊन वर जायचं, आणि दर दहा मिनिटांनी दाब आणि तापमान वहीत लिहायचं. डिसेंबरात पहाटे एकदा करायचं, एप्रिलमध्ये दुपारी एकदा. खालच्या सरांनी जागा सोडायची नाही, त्या पाद्र्यासारखी. औसा तालुक्यातल्या एका सरांशी मी बोललो आहे. ते म्हणाले, आमच्याकडं घाट नाही, पण पाण्याची टाकी आहे, चालंल का? टाकी वीस मीटरची आहे. दोन हेक्टापास्कलचा फरक यायला हवा. चालेल.